लिथॉप्स: दगडासारखं दिसतं ते सोडा, आत काय चाललंय ते बघा

कातळवेडी

सक्युलंटच्या, म्हणजे पाणी साठवणाऱ्या गुबगुबीत झाडांच्या, धाग्यावर मध्यंतरी कुणीतरी लिथॉप्सचे फोटो टाकले होते. खाली ओळीने "अय्या, दगडच की!" आणि बदाम. माझ्या मते दगडासारखं दिसणं ही या झाडाची सगळ्यात कमी मजेची गोष्ट आहे. म्हणून हा वेगळा धागा. मी वनस्पतिशास्त्र शिकवते, त्यामुळे वर्णन वर्गातल्यासारखं होईल, चालवून घ्या.

कूळ आइझोएसी, प्रजाती लिथॉप्स, जाती अडतीसच्या आसपास. घर दक्षिण आफ्रिका आणि नामिबिया, बोट्स्वानात अगदी कडेकडेला. बहुतेक जाती जिथे वाढतात तिथे वर्षाचा पाऊस २५०-३०० मिमीच्या आतबाहेर, म्हणजे आपल्या माणदेशाच्याही निम्मा. नामिब वाळवंटाच्या किनारपट्टीकडे तर तेवढाही नाही. तिथली लि. रुशिओरम (लि. म्हणजे लिथॉप्स) बरीचशी समुद्रावरून येणाऱ्या धुक्यावर तगते.

आता शरीर. एका वेळी पानं फक्त दोन. समोरासमोर, भरपूर जाड आणि माथ्याजवळची खाच सोडली तर एकमेकांना जोडलेली. आकार थेट भोवऱ्याचा: वर सपाट किंवा किंचित फुगीर, खाली निमुळता. खोड इतकं आखूड की नसल्यातच जमा, त्याखाली सोटमूळ आणि बारीक तंतुमुळं. माथा दोन-तीन सेंटीमीटर रुंद. कुंडीत आपल्याला जे उभं, गुबगुबीत लिथॉप्स दिसतं ते बऱ्याचदा लाडावलेलं असतं. रानात हा भोवरा जमिनीत गाडलेला असतो आणि माथा जमिनीच्या पातळीला. कोरड्या दिवसांत झाड आकसतं, आणखी खाली बसतं आणि वर वाळू येते. मग ते अस्तित्वात आहे हेसुद्धा कळत नाही.

इथे खरा प्रश्न येतो. पान जमिनीखाली, तर अन्न कसं तयार होणार? उत्तर माथ्यावर आहे. माथ्यावर जी गडद नक्षी दिसते ती निव्वळ रंगसंगती नव्हे. त्या खिडक्या आहेत. तिथे हरितद्रव्य जवळपास नसतं, त्वचेखाली पारदर्शक, पाण्याने भरलेल्या पेशी असतात. प्रकाश त्यातून आत शिरतो, विखुरतो आणि भोवऱ्याच्या भिंतींना आतून अस्तरासारखा जो हिरवा थर असतो त्याच्यावर पडतो. म्हणजे पान बाहेरून नाही, आतून उजळतं. खिडक्यांच्या मधले अपारदर्शक ठिपके आणि पट्टे यांना बेटं म्हणतात. बेटं आणि खिडक्यांचं प्रमाण प्रत्येक जातीत वेगळं. लि. ऑप्टिकामध्ये जवळजवळ अख्खा माथा खिडकी, तर लि. कारासमोंटानाच्या काही झाडांत खिडकी शोधावी लागते. काही जातींत लालभडक रेघा किंवा ठिपके असतात, ते टॅनिन साठवणाऱ्या पेशींचे. लि. व्हेरुक्युलोसाचे ठिपके तर चक्क उठून आलेले असतात, हाताला लागतात.

पर्णरंध्रं रात्री उघडतात. थंड हवेत कार्बन डायऑक्साइड आत घेऊन आम्लाच्या रूपात साठवायचा आणि दिवसा दारं लावून घेऊन तो वापरायचा. निवडुंग, अननस, कोरफड यांचीही हीच पद्धत.

वर्षातून एकदा पानं बदलतात. हा भाग नीट वाचा, कारण घरची झाडं इथेच मरतात. फुलोरा संपला की जुन्या पानांच्या आत, खाचेच्या तळाशी, नवी जोडी तयार व्हायला लागते. ती बाहेरून पाणी मागत नाही, जुन्या पानांमधलं पाणी आणि साठा ओढून घेते. जुनी जोडी सुरकुतते, लिबलिबते आणि शेवटी कागदासारखी वाळून नव्या जोडीभोवती चिकटून राहते. नवी जोडी जुन्या खाचेला काटकोनात येते. कधी एकाऐवजी दोन जोड्या येतात, तेव्हा एका माथ्याचे दोन होतात. असे जुने गठ्ठे रानात सापडतात.

फूल खाचेतूनच येतं, बहुधा एकच. पिवळं किंवा पांढरं, डेझीसारखं. पण हे सूर्यफुलाच्या कुळातलं नव्हे. ते एकच फूल आहे, फुलांचा गुच्छ नाही. पाकळ्या म्हणून आपण जे बघतो ते मुळात वांझ पुंकेसर, रुंद आणि रंगीत झालेले. दुपारी उघडतं, संध्याकाळी मिटतं, असं काही दिवस चालतं. फूल कधी कधी इतकं मोठं की खालचं झाड पूर्ण झाकून जातं.

आणि बोंड! पाच-सहा कप्प्यांचं, वाळलेलं, लाकडासारखं. उन्हात घट्ट बंद. पाणी पडलं की काही मिनिटांत झडपा उघडतात, पावसाचे थेंब कप्प्यात आपटून बारीक बिया उडवतात. वाळलं की पुन्हा बंद. सगळ्या बिया एका पावसात जात नाहीत, उरलेल्या पुढच्या पावसासाठी. पाऊस खात्रीचा नसलेल्या प्रदेशात सगळं बी एकदम पेरणं परवडत नाही, हे आपल्या कोरडवाहू शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको.

टेरेसवाला

मस्त लिहिलंयस ताई. माझ्याकडे एक आहे, ठाण्यात, गच्चीवर. गेल्या जानेवारीत सुरकुतायला लागलं म्हणून बायको म्हणाली पाणी घाल, मी म्हटलं नको, त्यावर घरात दोन दिवस अबोला. आत्ता ठीक आहे, पण पुन्हा जानेवारी येणार. निकाल दे.

कातळवेडी

@टेरेसवाला, निकाल तुमच्या बाजूने, वहिनींना सांगू नका मी सांगितलं म्हणून. जानेवारीत खाच फाकलेली दिसली आणि आत नव्या पानांचं टोक दिसलं, तर पाणी पूर्ण बंद. तेव्हा पाणी दिलं तर जुनी पानं वाळायची थांबतात, नवी पानंही वाढतात, आणि एका झाडावर पानांचे दोन मजले चढतात. त्यात जुनी कुजली की नवीपण घेऊन जातात. जुनी पानं पूर्ण कागद झाल्यावरच पाणी. पण हेच सुरकुतणं सप्टेंबरात दिसलं, खाच बंद असताना, तर ती खरी तहान. महिना बघायचा आणि खाच बघायची.

शंकेखोर

खिडक्यांचं प्रकरण पटत नाही. वाळवंटात उन्हाची काय कमी आहे की झाडाला छताला काच बसवावी लागते? उलट ऊन टाळायला हवं. "निसर्गाने योजना केली" छापाच्या गोष्टी इंटरनेटवर फार फिरतात.

कातळवेडी

@शंकेखोर, शंका रास्त आहे. ऊन भरपूर आहे, पण ते जमिनीच्या वर आहे आणि पान जमिनीखाली. पान वर काढलं तर उन्हाने, वाऱ्याने पाणी जातं. खाली ठेवलं तर अंधार. खिडकी ही त्या दोन्हींमधली तडजोड. २०१३ मध्ये लि. ऑकॅम्पिईवर एक अभ्यास झाला. त्यात असं दिसलं की एकाच पानाचा वरचा भाग कडक उन्हातल्या पानासारखा वागतो आणि जमिनीखालचा भाग सावलीतल्या पानासारखा. एरवी आपण जे फरक झाडाच्या शेंड्यावरच्या आणि बुंध्याजवळच्या पानांत शिकवतो ते इथे तीन सेंटीमीटरच्या आत, एकाच पानात सापडतात.

योजना वगैरे कुणी केलेली नाही. जी झाडं कमी दिसली, कमी तापली, कमी खाल्ली गेली, त्यांचं बी उरलं.

शंकेखोर

आता पटलं. मग हॉवर्थिया नावाच्या सक्युलंटच्या पानाला टोकाशी काच असते तेही हेच?

कातळवेडी

तेच, पण नातं काही नाही. हॉवर्थिया कोरफडीच्या गोतावळ्यातली. लिथॉप्सच्याच कुळातली फेनेस्ट्रारिया बघा, लहान बाळाच्या पायाच्या बोटांसारखी दिसते, प्रत्येक बोटाच्या टोकाला खिडकी. एकाच प्रदेशात वेगवेगळ्या घराण्यांनी एकच युक्ती स्वतंत्रपणे काढली.

जोबर्गकर

इथे जोहान्सबर्गमध्ये राहतो म्हणून थोडी भर. लिथॉप्स म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे रखरखीत वाळवंट येतं, पण लि. लेस्लिआय आमच्याकडच्या गवताळ माळावर वाढते, खडकाळ उंचवट्यांवर. इथे पाऊस उन्हाळ्यात पडतो आणि तो वर सांगितलेल्या आकड्यापेक्षा पुष्कळ जास्त असतो. गुडघ्यावर बसून शोधायची. मार्च-एप्रिलमध्ये, म्हणजे आमच्या शरदात, पिवळी फुलं येतात तेव्हा एरवी तुडवत गेलेल्या जागी अचानक सगळीकडे दिसतात. दुःखाची गोष्ट ही की हाच भाग वस्ती वाढून संपत चाललाय, शिवाय इथल्या पारंपरिक औषधांच्या बाजारासाठीही ही झाडं उपटतात.

इतिहासाचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. विल्यम बर्चेल नावाचा इंग्रज १८११ च्या सप्टेंबरात बैलगाड्या घेऊन इथल्या प्रीस्का गावाजवळून जात होता. खडकाळ जमिनीवरून एक विचित्र आकाराचा गोटा उचलला तर ते झाड निघालं. त्याने चित्र काढून ठेवलं आणि त्या चित्रावरून १८२१ मध्ये हॉवर्थ या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाने नाव दिलं, मेसेम्ब्रिॲन्थेमम टर्बिनिफॉर्मे. ताईंनी भोवरा म्हटलंय, या नावातही तोच भोवरा आहे. पुढे शंभर वर्षं कुणाला फारसं काही सापडलं नाही. १९२२ मध्ये लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानातल्या एन. ई. ब्राऊन यांनी लिथॉप्स ही प्रजाती वेगळी काढली आणि मग जाती धडाधड सापडायला लागल्या. गंमत म्हणजे बर्चेलला नेमकी कोणती जात सापडली होती यावर पुढे वाद झाला आणि त्याचं मूळ नाव बाजूला पडलं. त्या भागातल्या झाडाला आता लि. हुकेरी म्हणतात.

कातळवेडी

@जोबर्गकर, वा! कोल दांपत्याबद्दलही लिहा ना, तुमच्याच गावचे.

जोबर्गकर

लिहितो. डेस्मंड कोल इथल्या विट्वॉटर्सरँड विद्यापीठात आफ्रिकी भाषांचे प्राध्यापक. त्स्वाना भाषेचं व्याकरण लिहिणारा माणूस. तो आणि त्याची बायको नॉरीन यांनी कित्येक दशकं सुट्ट्यांमध्ये गाडी घेऊन रानातली एकेक वस्ती शोधली आणि प्रत्येकीला क्रमांक दिला. असे साधारण चारशे क्रमांक आहेत. आजही जगात कुठेही लिथॉप्सचं चांगलं बी विकत घेतलंत तर पाकिटावर "सी" आणि आकडा असतो, तो कोल यांचा. त्यावरून मूळ वस्ती कुठली ते कळतं. लि. कोलेओरम हे नाव त्या दोघांचं. पुरातत्त्ववाले श्वांटेस हेही याच झाडांच्या मागे लागलेले. या कुळाचं अर्धं काम दुसऱ्या शास्त्रांतल्या लोकांनी फावल्या वेळात केलंय.

नलूमावशी

छान माहिती. आमच्याकडे पत्थरचट्टा म्हणतात तो हाच का? मूतखड्यावर पान चावून खातात म्हणे. आमच्या शेजारच्या काकांना हवं होतं.

कातळवेडी

मावशी, नाही हो! पत्थरचट्टा म्हणजे आपली पानफुटी, पानाच्या कडेला पिल्लं येतात ती. तिचा याच्याशी काही संबंध नाही. लिथॉप्स काकांना देऊ नका. मूतखड्यासाठी त्यांना डॉक्टरकडे पाठवा, पानफुटीसाठीही माझी शिफारस नाही.

नात्याचंच विचारलंत तर या कुळातले दोन जण आपल्याकडे आहेत. खाडीच्या कडेला, खारफुटीलगत लाल देठाचं, जाडसर पानांचं सेसुव्हियम पसरलेलं असतं, गुलाबी चांदणीसारखी फुलं. दुसरं ट्रायॲन्थेमा, पावसाळ्यात शेताच्या बांधावर तण म्हणून माजतं आणि औषधाच्या बाजारात पुनर्नवेच्या नावाखाली भेसळीला जातं. दोघांकडे बघून लिथॉप्सची आठवण यायचं कारण नाही. पण पान हातात घेऊन चिरडलं की केवढं पाणी निघतं ते बघा.

कोकणी_माळी

रत्नागिरी. जून ते सप्टेंबर आमच्याकडे टॉवेल वाळत नाही. लिथॉप्सचा नाद करावा की सोडून द्यावा, स्पष्ट सांगा.

कातळवेडी

स्पष्ट सांगायचं तर कठीण आहे, अशक्य नाही. पाऊस अंगावर पडू न देणं सोपं, छताखाली ठेवा. खरी अडचण दमट हवा आणि उबदार रात्री. रात्री गारवा असला की हे झाड मोकळेपणाने पर्णरंध्रं उघडतं. तुमच्याकडे पावसाळ्यात रात्रीही अंग चिकट. म्हणून त्या चार महिन्यांत पाणी जवळपास शून्य आणि वारा भरपूर, छोटा पंखा लावलात तर उत्तम. जात निवडताना लि. लेस्लिआय किंवा लि. ऑकॅम्पिई घ्या. दोन्ही उन्हाळी पावसाच्या प्रदेशातल्या, जरा सोशिक. लि. ऑप्टिकाच्या वाटेला जाऊ नका, ती हिवाळी पाऊस आणि धुक्याची सवय असलेली.

माती: सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे माती जवळजवळ नको. चाळून धुतलेला मुरूम, जाड वाळू, विटेचा चुरा किंवा पेरलाइट, आणि मूठभर जुनं खत. कोकोपीट अजिबात नको, एकदा भिजलं की आठवडाभर ओलं राहतं. कुंडी उभट घ्या, सोटमुळाला खोली लागते.

देशावरचा_गडी

वरून काळ्या बेसाल्टची बारीक खडी पसरली तर? दिसायला भारी दिसेल.

कातळवेडी

दिसेल भारी, पण पश्चिमेच्या उन्हात एप्रिलमध्ये ती खडी हात लावू देणार नाही आणि झाडाचा माथा तिच्याच पातळीला असतो. फिकट रंगाची गारगोटी किंवा मुरूम बरा. रानातसुद्धा गारगोटीच्या पांढऱ्या पट्ट्यांवर लि. मार्मोराटासारख्या फिकट करड्या जाती सापडतात, आणि दक्षिण आफ्रिकेतल्या पोस्टमासबर्गकडच्या लोहखनिजाच्या तांबूस खड्यांत तपकिरी लि. ऑकॅम्पिई. मिठागरासारख्या उथळ खाऱ्या तळ्यांच्या काठी राखाडी लि. सालिकोला. प्रत्येकीने आपल्या पायाखालचा दगड बघितलाय.

बीजबहाद्दर

मला एका ऑनलाइन दुकानातून निळ्या, जांभळ्या आणि इंद्रधनुषी लिथॉप्सचं बी मिळालं. शंभर बियांचं पाकीट, चित्र एकदम झकास. उगवलं ते गवत. आणि एक घोळ. घोळीची भाजी केली.

टेरेसवाला

भाजी तरी इंद्रधनुषी झाली का?

कातळवेडी

निळं लिथॉप्स नसतं. राखाडी, तपकिरी, हिरवट, तांबूस, गुलाबीसर आणि लि. ऑप्टिकाचा रुब्रा हा वाण मात्र खरोखर झगझगीत किरमिजी असतो, तो फोटोशॉप नव्हे. दुसरी खूण बियांच्या आकाराची: अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, पावडरीसारखं. तुमच्या पाकिटात चिमटीत धरता येईल असं बी होतं ना? मग ते लिथॉप्सचं नव्हतं. खरं बी आठवड्या-दोन आठवड्यांत उगवतं, पहिल्या दिवसापासून इवलासा हिरवा मणी, लांबुडकं रोप होतच नाही. फूल यायला तीन-चार वर्षं धरा.

जोबर्गकर

खोटं बी हा त्यातल्या त्यात निरुपद्रवी धंदा. खरी झाडं चोरून विकणं हा मोठा. २०१९ पासून इथल्या उत्तर आणि पश्चिम केप प्रांतांमध्ये चोरीचा पूर आलाय. सगळ्यात जास्त झळ लिथॉप्सच्या भाऊबंदांना, कोनोफायटमला. पकडलेल्या झाडांची संख्या लाखांच्या घरात आहे. समाजमाध्यमांवर फोटो, परदेशी गिऱ्हाईक आणि इथल्या बेरोजगार गावकऱ्याला एका पोत्याचे थोडेसे पैसे. काही कोनोफायटम एखाद्याच टेकडीवर असतात, ती टेकडी साफ झाली की जात संपली. नामिबियात १९७५ च्या कायद्याने लिथॉप्स संरक्षित आहे, पण एवढ्या मोठ्या रिकाम्या मुलखात राखण कोण करणार?

शंकेखोर

मग विकत घेताना चोरीचं ओळखायचं कसं? इथे बसून.

जोबर्गकर

रानातलं झाड रानातलं दिसतं. वाळलेल्या पानांचे जुने थर, ओरखडे, किड्यांनी कुरतडलेल्या कडा, जाडजूड लाकडी मूळ बहुतेक वेळा तुटलेलं, वेड्यावाकड्या आकाराचे बरेच माथे. रोपवाटिकेतलं एकसारखं, गुळगुळीत, एक किंवा दोन माथ्यांचं. विक्रेत्याला पेरणीचं वर्ष आणि कोल क्रमांक विचारा. बियांपासून वाढवणारा माणूस हे दोन्ही विचारायच्या आधी सांगतो, थांबत नाही. जो फक्त "मोठा जुना गठ्ठा, एकच शिल्लक" एवढंच म्हणतो त्याला नमस्कार.

सातारची_सई

माझ्या लेस्लिआयला आज पहिल्यांदा कळी दिसली!! खाचेतून पिवळं टोक. चार वर्षांनी. बी धरेल का?

कातळवेडी

अभिनंदन सई! एकटीने धरणार नाही. लिथॉप्सला स्वतःचे पराग चालत नाहीत, त्याच जातीचं दुसरं झाड फुललेलं हवं. आणि एकाच गठ्ठ्यातले दोन माथे म्हणजे एकच झाड, त्याचाही उपयोग नाही.

टेरेसवाला

थांबा, माझंही लेस्लिआयच आहे. खाच परवापासून फुगल्यासारखी दिसतेय. पुढच्या शनिवारी आम्ही महाबळेश्वरला निघालोय, साताऱ्यावरूनच जाणार.

सातारची_सई

या की! कुंडी घेऊन या. पण दुपारी या, सकाळी फूल मिटलेलं असतं.

कातळवेडी

अडीच-तीननंतर पूर्ण उघडतं. चित्रकलेचा शून्य नंबरचा कोरडा ब्रश घ्या, एका फुलाचे पराग दुसऱ्यावर, मग उलट. पहिल्या दिवशी घाई नको, उघडल्यापासून तिसऱ्या-चौथ्या दिवशी जास्त जमतं. गाडीत कुंडी पायाशी ठेवा, एसीच्या झोताखाली नको. बोंड धरलं तर पिकायला बरेच महिने लागतात, तोवर त्यावर पाणी पडू देऊ नका, नाहीतर उघडून बिया कुंडीभर उडतील.

टेरेसवाला

बायकोला कळलंय. म्हणाली, महाबळेश्वर रद्द झालं तरी चालेल, साताऱ्याला जायचंच. सई, जेवणाचं बघू नका, आम्ही वाटेत खाऊन येतो.

बीजबहाद्दर

बी निघालं तर थोडं इकडे. घोळीच्या बदल्यात.